गॅस्केटच्या वर यमूमावशी

"गॅस्केटच्या वरचं माजं, खालचं त्याचं. आदी ठरवा, दुखतंय कुठं?"

आवाज बाईचा होता आणि आमच्या ट्रकच्या बॉनेटखालून येत होता. ट्रक बंद पडला म्हणजे अख्खा ट्रकच बंद पडला, असा पप्पांचा तोवर समज होता. शेजारी रामआसरे मिस्त्री चिंधीला हात पुसत उभा होता. बोईसरच्या नाक्यावरचं ते गॅरेज त्याचं. तो पप्पांना समजावणीच्या सुरात म्हणाला, "हमारे यहाँ बॉर्डर है, साहब. गॅस्केट के ऊपर मौसी का राज. मैं उधर उंगली भी नहीं डालता. पिछली बार डाली थी तो पाना फेंक के मारा था."

"पाना नव्हता, स्क्रू डायवर होता," बॉनेटखालून दुरुस्ती आली. "आणि मारला नाय, दाखवला."

मग बॉनेटखालून आधी एक चप्पल खाली आली, मग गुडघ्यापर्यंत खोचलेली हिरवी साडी, आणि शेवटी एक जाड भिंगांचा चष्मा, ज्याची एक काडी गायब होती आणि तिच्या जागी चोकच्या केबलमधली तार कानाभोवती वळवलेली होती. मी ट्रकच्या कॅबिनमध्ये काच वर करून बसले होते. त्या चष्म्याने माझ्याकडे पाहिलं आणि काचेवर टकटक केलं. "काय गो, तू ट्रकबरोबर मिळतेस काय? उतर खाली. डॅशबोर्डवरची ती दांडी ओढ आणि सोड, ओढ आणि सोड. मी आत बगते."

मी उतरावं की दांडी ओढावी हे त्या वाक्यातून मला कळेना, म्हणून मी दोन्ही केलं. खाली उतरले, परत चढले आणि दांडी ओढली. यमूमावशींची आणि माझी ओळख ही अशी झाली.

इंजिनच्या डोक्यावर कार्ब्युरेटर बसतो आणि दोघांच्या मध्ये जाड पुठ्ठ्यासारखी एक चकती असते. तिला गॅस्केट म्हणतात. मावशींचं राज्य त्या चकतीवर संपायचं. कार्ब्युरेटरमधल्या प्रत्येक छिद्राचा स्वभाव त्यांना ठाऊक होता आणि त्याच्या खाली काय चालतं याबद्दल त्यांना यत्किंचितही कुतूहल नव्हतं. "पिस्टन म्हणजे काय हो मावशी?" असं मी पुढे एकदा धीर करून विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "खालच्या मजल्यावर राहतात कोणतरी. आमचं जाणं-येणं नाय."

त्या बोईसरजवळच्या कुंभवलीच्या. औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये बावीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं, कार्ब्युरेटरच्या तोंडाशी चोकची पाकळी बसवण्याचं. बिस्किटाएवढी गोल पाकळी, मधून एक बारीक दांडा, दोन मुंगीएवढे स्क्रू. बसवून झाली की ट्यूबलाइटकडे धरायची आणि पाकळी मिटायची. कडेने कुठे उजेड दिसला तर माल परत. पुढे गाड्यांतून कार्ब्युरेटरच जायला लागले आणि वर्कशॉपही गेलं. मावशी हत्यारांची गुंडाळी घेऊन घरी आल्या आणि पडवीत गोणपाट टाकून बसल्या. रामआसरेकडे कार्ब्युरेटरचं काम आलं की तो त्यांना गॅरेजवर बोलवायचा. पेट्रोल मोजून सोडणारे बारीक पितळी जेट त्या कुंकवाच्या करंड्यात ठेवायच्या. काम चालू असताना स्क्रू तोंडात असायचे, त्यामुळे अर्धं बोलणं ओठांच्या एका कोपऱ्यातून यायचं. स्क्रू गिळाल, असं कुणी म्हटलं तर त्या स्क्रू काढून घेऊन उत्तर द्यायच्या आणि परत तोंडात ठेवायच्या.

बावीस वर्षांची ती ट्यूबलाइटची सवय मात्र सुटली नव्हती. हातात येईल ते त्या उजेडाकडे धरायच्या. पुरी, बांगडी, लग्नपत्रिका, नातवाचा दात. मी बी. कॉम. झाल्याचं प्रमाणपत्र पप्पांनी त्यांना कौतुकाने दाखवलं, तर त्यांनी तेही दोन्ही हातांनी वर धरलं, डोळा बारीक केला आणि म्हणाल्या, "कडेनं उजेड नाय. पास." प्रमाणपत्र इंग्रजीत होतं आणि उलटं धरलेलं होतं.

आता आमच्या ट्रकविषयी सांगायला हवं. पप्पा साताऱ्याकडून इकडे कारखान्यात नोकरीला आले होते. पुढे नोकरी सोडून त्यांनी मांडव, कनाती, खुर्च्या भाड्याने द्यायचा धंदा काढला आणि त्यासाठी पहिलं वाहन घेतलं ते लष्कराच्या लिलावातून. चपट्या नाकाचा, हिरवा, पेट्रोलवर चालणारा जुना ट्रक. आमची माणसं त्याला सुभेदार म्हणायची. बाकीच्या जगात ट्रक डिझेलवर चालतात. आमचा पेट्रोल प्यायचा, आणि पेट्रोल प्यायचा म्हणून त्याला कार्ब्युरेटर होता, आणि कार्ब्युरेटर होता म्हणून सकाळी चोक लागायचा. त्याच्याविषयी पप्पा कधी चांगलं बोलायचे नाहीत, पण पाऊस आला की आधी त्याच्यावर ताडपत्री टाकायचे आणि मग खुर्च्यांवर.

मी तेव्हा नुकती पप्पांच्या कामात मदत करायला लागले होते. कारखान्यांना इंग्रजीतून पत्रं लिहायची, कोटेशन पाठवायची. लिहिण्यात मला अडचण नव्हती. बोलायचं म्हटलं की मी मनात वाक्य आधी इंग्रजीत जुळवायचे, मग मराठीत आणायचे, आणि तोवर विषय बदललेला असायचा. मावशींना याचा काही त्रास नव्हता. उलट त्यांना माझी दांडी ओढण्याची पद्धत आवडली. "ही पोरगी सांगितलं तेवडंच ओढते," त्या रामआसरेला म्हणाल्या. "तुजा तो पोऱ्या दांडी उपटूनच हातात देतो."

चोक म्हणजे काय, हे त्यांनी मला बंपरवर उभं करून शिकवलं. एअर क्लीनरचं पातेल्यासारखं झाकण काढलं आणि आत बोट दाखवलं. "ही पाकळी बग. मिटली की वारा कमी, पेट्रोल जास्त. इंजिन थंड आसलं की त्याला तसंच लागतं. तापलं की पाकळी सरळ उभी राहिली पायजे. नाय राहिली तर हा पेट्रोल पीत बसतो, काळा धूर टाकतो आणि मरतो. मंग लोक काय करतात?"

मी मान हलवली.

"चोक ओढतात! मेलेल्याला आनखी पाजतात!"

हे अगदी खरं होतं. बोईसरमध्ये कुठलंही वाहन कुठेही बंद पडलं की जाणारा-येणारा प्रत्येक माणूस एकच सल्ला देतो. रिक्षावाला देतो, भाजीवाला देतो. एकदा एका सायकलवाल्याची चेन निसटली होती, त्यालाही कुणीतरी सवयीने म्हणालं, "चोक खींचो." मावशी त्या माणसाला शोधत दोन गल्ल्या गेल्या होत्या.

लोक इंजिनविषयी बोलताना स्वयंपाकघरातल्या उपमा देतात. मावशींचं उलट होतं. त्या स्वयंपाकघरात इंजिनाची भाषा बोलायच्या. पातळ वरण लीन असायचं, घट्ट वरण रिच. सुनेने चहा उतू घालवला की आतून आवाज यायचा, "फ्लोट अडकला वाटतं." कार्ब्युरेटरमध्ये तो अडकला की पेट्रोल असंच उतू जातं. सून सुरुवातीला रडायची म्हणे. मी जायला लागले तोवर तीही तयार झाली होती. "आई, भात मिसिंग करतोय, दहा मिन्टं थांबा," असं ती चुलीपाशी बसून सरळ सांगायची.

त्यांच्या गल्लीतल्या एका हळदीच्या कार्यक्रमाला मी गेले होते. खरं म्हणजे मांडव आमचा होता, म्हणून पप्पांनी पाठवलं होतं. दुपारची वेळ, मांडवात नवरीला हळद लागत होती, बायका नाचत होत्या, आणि मांडवामागे डीजेचा जनरेटर खोकत होता. गाणं मध्येच रडकं व्हायचं, बायका कमरेवर हात ठेवून थांबायच्या, गाणं परत सुरू व्हायचं, बायका परत नाचायच्या. मावशी पंगतीत बसल्या होत्या. त्यांनी एकदा मान वर केली, दोनदा केली, तिसऱ्यांदा भरल्या ताटावरून उठल्या. यजमानीणबाईंना वाटलं, मानपानात काही चुकलं. त्या मागे धावल्या. त्यांच्यामागे नवरीची आत्या. मावशी थेट जनरेटरपाशी गेल्या आणि हळदीने पिवळ्या झालेल्या एका बोटाने चोकची पट्टी सरकवली. खोकला थांबला. गाणं असं काही उसळलं की आत्याबाई तिथेच, जनरेटरपाशीच नाचायला लागल्या.

"दादा," मावशी डीजेवाल्याला म्हणाल्या, "सकाळपासून खोकतोय तो, आयकू येत नाय? डीजे तू, आणि कान माजे?"

त्या पट्टीवर पिवळं बोट उमटलं होतं. डीजेवाल्याने ते पुसलं नाही. पुढे बरेच महिने मी तो जनरेटर वेगवेगळ्या मांडवांमागे पाहिला, आणि बोट असायचं.

पण जनरेटरचा कार्ब्युरेटर मावशी हिशोबात धरत नसत. "ते खेळणं हाय," म्हणायच्या. खरी गिऱ्हाइकं कमी होत चालली होती. एकदा पालघरहून एक तरुण नवीकोरी मोटारसायकल घेऊन आला. कुणीतरी त्याला मावशींचं नाव सांगितलं होतं. मावशी तिच्याभोवती उकिडव्या बसून फिरल्या. कार्ब्युरेटर सापडेना. त्यांनी त्याला विहिरीभोवती तीन चकरा मारायला लावल्या आणि डोळे मिटून ऐकलं. तो थांबल्यावर म्हणाल्या, "हा बोलतच नाय रे बाबा. सगळं मनातल्या मनात. मी काय आयकू?" तो गेल्यावर बराच वेळ त्या करंड्यातले जेट मोजत बसल्या होत्या. त्या वर्षी त्यांच्याकडे येणारा, खरा म्हणावा असा, एकच कार्ब्युरेटर उरला होता. आमच्या सुभेदारचा.

म्हणून आमच्या गोदामात दसऱ्याच्या पूजेला मावशी नवं लुगडं नेसून आल्या आणि सोबत आणलेल्या धुतलेल्या फडक्याने त्यांनी तो अर्धा तास पुसला. मग एअर क्लीनर काढून बाजूला ठेवला. पप्पा म्हणाले, "मावशी, झाकणावरच कुंकू लावू की."

"झाकनाला लावून काय उपेग? देव आत हाय."

रामआसरेही आला होता. त्याने गॅस्केटच्या खालच्या भागासाठी स्वतःचा वेगळा नारळ आणला होता. तो फोडताना पाणी वर उडालं आणि सीमेचा भंग झाला म्हणून दोघांची जुंपली. "ऊपर मत उडाओ बोला था ना!" "मौसी, नारियल है, नल थोड़ी है!" मांडव उभारणारी आमची माणसं हसून बेजार झाली. अशा गोंधळात पप्पांनी ताट माझ्या हातात दिलं. "मिनू, तू कर पूजा."

सगळे एकदम माझ्याकडे बघायला लागले. वीस-पंचवीस माणसं होती. कुंकवात भिजवलेल्या अक्षतांचे दोन दाणे चिमटीने टाकायचे असतात, हे मला माहीत होतं. पण बघणाऱ्यांचे डोळे लवकर दुसरीकडे जावेत एवढीच माझी इच्छा होती. मी ताटातली मूठच्या मूठ उचलली, त्या उघड्या तोंडावर टाकली आणि मागे सरले. आत टिक टिक असा बारीक आवाज झाला. मावशी माझ्या शेजारीच होत्या, पण त्या मान वळवून रामआसरेशी परत नारळावरून भांडत होत्या, त्यामुळे तो मला एकटीलाच ऐकू आला. त्यांनी वरवर पडलेले दाणे फडक्याने झटकले, एअर क्लीनर बसवला आणि त्याला लाल-पिवळा दोरा सात वेढे गुंडाळून गाठ मारली.

"आता दिवाळीच्या पाडव्यापर्यंत हे सोडायचं नाय," त्या म्हणाल्या. "कुनीच."

यामागची गोष्ट मला नंतर त्यांच्या सुनेने सांगितली. वर्कशॉपमध्ये दसऱ्याला प्रत्येकीच्या बाकाला असा दोरा बांधायचे आणि तो पाडव्याला सोडायचे. शेवटच्या वर्षी मालकाने दसऱ्यानंतर दोनच दिवसांनी दोरे कापले आणि बाकं विकली. तेव्हापासून मावशींच्या हातचा दोरा पाडव्याआधी सुटला नव्हता.

दुसऱ्याच सकाळी सुभेदार पहिल्या सेल्फला चालू झाला आणि गोदामापुढच्या पुलापर्यंत जाऊन काळा धूर ओकत मेला.

मावशी आल्या. डॅशबोर्डवरची दांडी त्यांनी स्वतः आत ढकलून पाहिली. "आत जाते, पन उशीत बोट घातल्यासारकी परत येते. केबल गंजली. खारा वारा हाय हितला." नवी केबल टाकली. सुभेदार पुलापर्यंत गेला आणि मेला. मग केबल धरणारा स्क्रू बदलला. मग स्प्रिंग बदलली. मग पाकळीच्या दांड्याचा बाहेर दिसणारा कान, म्हणजे केबल अडकवायची पट्टी, त्यांनी बोटाने दाबून पाहिला. कान अर्ध्यावर अडत होता. म्हणजे आत काहीतरी होतं. आत काय आहे हे बघायला झाकण काढायला हवं होतं, आणि झाकणावर दोरा होता. मावशी दांड्याच्या भोकाशी पेट्रोलचे थेंब सोडायच्या, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने टकटक करायच्या, कान लावायच्या. "निग बाबा," असं आतल्या त्या न दिसणाऱ्या वस्तूला हळू आवाजात सांगायच्या. पाडवा दोन आठवड्यांवर होता.

आत काय आहे हे जगात फक्त मला ठाऊक होतं.

सांगायला एक योग्य क्षण येईल, असं मला रोज वाटायचं. तो यायचाही. मी बाजूला होऊन त्याला जाऊ द्यायचे. रात्री जेवताना मी वाक्य जुळवायचे, "पप्पा, आय थिंक," इथपर्यंत यायचे आणि कोशिंबीर मागायचे. रामआसरे मात्र खूश होता. इंजिन ठणठणीत आहे हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. "नीचे सब फर्स्ट क्लास है, साहब. तकलीफ ऊपरवाले की है." ऊपरवाला म्हणताना तो आभाळाकडे नाही, मावशींकडे बोट करायचा.

शेवटी पप्पांनी सांगून टाकलं. "मावशी, शनिवारी पालघरला शाळेचा मांडव आहे. त्या वाटेत सुभेदार थांबला, तर माल उतरवून तो थेट भंगारात. डिझेलची पिकअप बघून ठेवलीय मी."

मावशींनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. तार कानामागे नीट बसवायला त्यांना या वेळी जरा उशीर लागला. "मंग माजी हत्यारांची गुंडाळी पन त्याच्यातच टाका, शिंदेभाऊ," त्या म्हणाल्या. "घरी ठेवून काय करू? तिच्यानं भेंडी चिरता येत नाय." आणि मोठ्याने हसल्या. माणसंही हसली. मी गोदामात जाऊन उगाचच खुर्च्या मोजल्या.

मावशी आता वैतरण्याला लेकीकडे असतात आणि फोनवर भेटतात. पण त्यांची आठवण काढायला बसलं की मला त्या दिसतात त्या शनिवारच्याच.

ऊन चढलं होतं. सुभेदारच्या पाठीवर बांबू, कनाती आणि दोनशे खुर्च्या. पप्पा चालवत होते, मध्ये मावशी, खिडकीशी मी. मावशींनी एक हात चोकच्या दांडीवर ठेवला होता, जशी आजारी माणसाची नाडी धरतात. "पूल काढला," त्या म्हणाल्या. पूल काढला होता खरा. बोईसरच्या नाक्यावर, बरोब्बर मधोमध, सुभेदारने एक उचकी दिली, दुसरी दिली, काळ्या धुराचा लोट सोडला आणि थांबला.

मागे शिफ्टची बस होती. तिने हॉर्न धरला. बसच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली आणि एका सुरात सल्ला आला, "चोक खींचो!"

मावशींनी दार उघडलं. "वडील माणूस मेलं तरी चोक ओढतील मेले," असं पुटपुटत त्या माझ्या मांडीवरून उतरून खाली गेल्या, बंपरवर चढल्या आणि बॉनेट उघडलं. गॅरेजमधून रामआसरे धावत आला. पप्पा खाली उतरून रस्त्याच्या कडेला उभे राहिले, कमरेवर हात ठेवून. त्यांनी फोन काढला. कुणाला लावणार ते सगळ्यांना ठाऊक होतं.

मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग दोऱ्याकडे. दोऱ्याचा लाल रंग धुराने काळपट झाला होता. त्यांनी तो कापला नाही. नखाने गाठ उकलली आणि एकेक वेढा सोडला, सातही, बस हॉर्न वाजवत असताना. दोरा नीट गुंडाळून ब्लाउजमध्ये ठेवला. झाकण काढलं, पाकळीच्या फटीत केसातला आकडा घातला आणि हलकेच वर खेचला.

बाहेर आला तो तांदळाचा एक दाणा. कुंकवाने लाल, पेट्रोलने भिजलेला.

मग रामआसरे पोट धरून बंपरवर बसला. "मौसी! ऊपर खिचड़ी पका रही थी?" बसच्या खिडक्यांतून हसण्याची लाट आली. ज्यांना काही दिसलं नव्हतं तेही हसले. ड्रायव्हरने हॉर्न सोडून टाळी वाजवली. एकाने ओरडून विचारलं, पापड आहे का. मी खिडकीतून अर्धी बाहेर वाकले होते आणि मला स्वतःलाही हसू येत होतं.

मावशींनी दाणा तळहातावर घेतला आणि सवयीने उजेडाकडे धरला. मग त्यांची मान माझ्याकडे वळली. फार वेळ नाही. त्या जाड भिंगांमागे डोळे मोठे झाले, मग नेहमीसारखे झाले. त्यांना कळलं होतं.

"माजीच चूक, शिंदेभाऊ," त्या म्हणाल्या. "पूजेला झाकन मीच काडलं होतं. आत मीच बगायला पायजे होतं."

"म्हणजे इतके दिवस..." पप्पा म्हणाले.

"व्हय. माज्यामुळंच."

पप्पा चिडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त थकलेल्या आवाजात म्हणाले, "असू द्या, मावशी. तुमचंही वय झालं. चालू करा, माल पोचवू. मग याचा निकाल लावू." आणि फोन कानाला लावला.

रामआसरे कॅबिनमध्ये चढला आणि त्याने सेल्फ मारला. सुभेदार एका झटक्यात चालू झाला, असा की नाक्यावरची कबुतरं उडाली. त्याने रेस दिली. धूर आधी काळा, मग राखाडी, मग नाहीच. बसमधली माणसं शिट्या वाजवत होती. मावशी बंपरवर उभ्याच होत्या, पदर उडत होता, पाकळी सरळ उभी होती आणि त्या तिच्याकडे मान वाकडी करून बघत होत्या, वर्गात पहिल्या आलेल्या नातीकडे बघावं तशा.

मी खाली उतरले. पप्पांसमोर जाऊन उभी राहिले आणि जे सांगायचं ते सांगितलं. त्यांना ऐकू गेलं नाही. इंजिन गर्जत होतं, बसने परत हॉर्न धरला होता. ते फोनवर म्हणत होते, "हो, हो, आजच बघून जा."

मी परत सांगितलं, मोठ्याने. त्यांनी हाताने मला थांब अशी खूण केली.

तेव्हा मी छातीत मावेल तेवढा वारा भरून घेतला आणि डोळे मिटून, आयुष्यात ओरडले नव्हते तेवढ्या जोरात ओरडायला तोंड उघडलं. नेमक्या त्याच क्षणी रामआसरेने समाधानाने मान हलवली आणि किल्ली बंद केली. हॉर्नही थांबले. रिक्षावाले, भाजीवाले, शिफ्टची अख्खी बस, पप्पा, पप्पांच्या फोनवरचा भंगारवाला आणि बंपरवरच्या यमूमावशी, सगळ्यांनी स्पष्ट ऐकलं:

"तांदूळ मी टाकले! मूठभर टाकले! मावशींना कुणी काही बोलायचं नाही, आणि सुभेदार विकायचा नाही!"